आधी थडगे, मग बंगला

इंग्लंडच्या पूर्व आणि दक्षिण भागात, जिथे बांधकामाजोगता दगड जवळपास मिळत नाही, तिथल्या खेड्यांचा एक साचा ठरून गेलेला आहे. मधोमध जुने चर्च, त्याच्या भोवती गवताळ आवार, आवारात गावच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कबरी, आणि कुंपणाला लागून लाल विटांचे एक ऐसपैस घर. ते बहुधा पाद्रीसाहेबाचे असते, नाहीतर एखाद्या खाऊनपिऊन सुखी जमीनदाराचे. चर्च असते बाराव्या-तेराव्या शतकातले. घर बरेच अलीकडचे, सतराव्या-अठराव्या शतकातले. १६६६च्या आगीत लंडन जळाले. पुढच्याच वर्षी नव्या इमारती विटांच्या किंवा दगडाच्याच असाव्यात असा कायदा झाला आणि त्यानंतर विटेला प्रतिष्ठा आली. इतकी, की १७८४ साली अमेरिकेतल्या युद्धाचे कर्ज फेडायला सरकारने चक्क विटांवर कर बसवला. कर नगामागे होता. मग लोकांनी मोठ्या विटा पाडायला सुरुवात केली, आणि सरकारने मोठ्या विटांवर जास्त कर लावला. हा खेळ १८५० सालापर्यंत चालला.

या साच्यातला क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. पहिले चर्च, मग कबरी, शेवटी घर. घरातल्या माणसाचा आजा समोरच पुरलेला असतो, आणि आपली जागा कुठली हेही त्याला साधारण ठाऊक असते.

हाच इंग्रज खानदेशात आला तेव्हा क्रम पुरता उलटला. इथे कबर पहिली आली, बंगला तिच्यानंतर, आणि चर्च आले सगळ्यांच्या मागून, रेल्वेच्या रुळांवरून. शिवाय बंगल्यात राहणारे इंग्रज वेगळे आणि कबरीत गेलेले वेगळे. धुळे, धरणगाव आणि भुसावळ ही तीन गावे एका ओळीत वाचली की हे दिसायला लागते.

सुरुवात धरणगावपासून करायला हवी, तीही १८१८च्या बरीच आधी. रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला त्याच वर्षी, म्हणजे १६७४ साली, सुरतेच्या इंग्रजांनी धरणगावात वखार घातली. धरणगाव तेव्हा कापडाची मोठी पेठ होती आणि मुलूख मोगलांचा होता. पुढच्याच वर्षी मराठ्यांच्या फौजेने गाव लुटले, त्यात वखारही गेली. इंग्रजांनी भरपाईचा तगादा लावला. त्या आधी राजापूर आणि हुबळीच्या वखारींचे रडगाणे चालूच होते, त्यात धरणगावची भर पडली. १६७९ साली गाव पुन्हा लुटले गेले, पण यावेळी इंग्रज दोन दिवस आधीच चंबूगबाळे आवरून निघाले होते. १६८५ साली संभाजी महाराजांच्या फौजेने धरणगाव जाळले. खानदेशातल्या इंग्रजांच्या पहिल्या घराची कथा इतकीच. ते घर व्यापाऱ्याचे होते, त्यात राहण्यापेक्षा माल ठेवण्याला महत्त्व, आणि त्याला वास्तुकला म्हणावी असे काही असण्याचे कारणही नव्हते.

पण याच सुमारास, याच माणसांनी सुरतेत काय बांधले ते पाहावे. सुरतेच्या इंग्रजी कबरस्तानात ख्रिस्तोफर ऑक्झिंडन १६५९ साली पुरला गेला आणि त्याचा भाऊ जॉर्ज १६६९ साली. त्यांच्यावरची इमारत पाहून हा मुसलमान सरदाराचा मकबरा असावा असेच वाटते: दोन मजले, खांब, घुमट, सगळे चुन्याच्या गिलाव्यात. वखारीतले जिवंत इंग्रज साध्या घरांत राहत होते. पक्के, टिकाऊ बांधकाम वाट्याला येत होते ते मेलेल्यांच्या. पुढची दीडशे वर्षे हिंदुस्थानभर हेच दिसते. छावणीतला बंगला कच्च्या विटांचा, वर गवताचे छप्पर. आणि छावणीबाहेरची थडगी भाजक्या विटांची, चुन्यात बांधलेली. त्यात तर्कही होता. बंगल्यातला माणूस तीन वर्षांनी बदलून जाणार, त्याच्यासाठी खर्च कशाला? मेलेला कुठे जाणार नव्हता.

१८०३ हे साल खानदेशच्या मनात दुष्काळाचे साल म्हणून राहिले. होळकर-शिंद्यांच्या धामधुमीत मुलूख उद्ध्वस्त झाला होता, त्यात पाऊस गेला. धुळे गाव अक्षरशः ओस पडले. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला घाटाच्या वर असईला आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांशी लढाई दिली, आणि जिंकलेल्या त्या लढाईतले आपले जखमी अजिंठा गावात आणून ठेवले. अजिंठ्याच्या तटाआड गोऱ्या सैनिकांचे इस्पितळ बसले. लेण्यांचा पत्ता तेव्हा त्यांतल्या कोणालाच नव्हता.

मग १८१८. महिदपूरला होळकर हरले, ६ जानेवारीच्या मंदसोरच्या तहात खानदेश इंग्रजांकडे गेला, कागदावर. प्रत्यक्षात तापीकाठच्या थाळनेरच्या किल्लेदाराने किल्ला द्यायला नकार दिला. थाळनेर म्हणजे फारुकी सुलतानांची पहिली राजधानी. मलिक राजा याच मातीत पुरलेला. २७ फेब्रुवारीला सर थॉमस हिस्लॉपची फौज किल्ल्यासमोर आली. बोलणी चालू असताना दरवाज्यातून आत शिरलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांवर किल्ल्यातल्या अरब शिपायांनी हत्यारे चालवली. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर ठार झाले. त्यानंतर किल्ल्यातली शिबंदी कापून काढण्यात आली आणि किल्लेदार तुळशीराममामा याला फाशी दिले गेले. या फाशीवरून पुढे विलायतेतही वाद झाला. मे महिन्यात मालेगावच्या भुईकोटाला वेढा पडला. मालेगाव त्यावेळी खानदेशातच होते, नाशिक जिल्हा व्हायला अजून पन्नास वर्षे होती. अरबांनी तो महिनाभर लढवला. तटाला पाडलेल्या खिंडारातून हल्ला चढवला तेव्हा नॅटिस नावाचा एक तरुण इंजिनिअर आघाडीला होता. तो खिंडाराच्या माथ्यावर पोचला, पलीकडे उतरायला वाट नाही असे त्याने ओरडून सांगितले, आणि तिथेच गोळी लागून पडला. मारले गेलेले आणि जखमी मिळून इंग्रजांना मालेगावी दोनशेंहून अधिक लोकांचा फटका बसला. त्याच पावसाळ्यात पटकी दख्खनभर पसरली.

तर खानदेशात इंग्रजांनी जमिनीत पहिल्यांदा काही रोवले असेल तर ती ही माणसे. पाद्री नाही, चर्च नाही. जो कोणी अधिकारी हजर असेल त्याने प्रार्थनापुस्तक उघडून चार ओळी वाचायच्या आणि मूठभर माती टाकायची.

आता धुळे. दुष्काळानंतर दुसऱ्याच वर्षी बाळाजी बळवंत या विंचूरकरांच्या माणसाने गाव पुन्हा वसवायला घेतले होते. लळिंग आणि सोनगीर परगणे विंचूरकरांकडे होते, त्यांचा कारभार पुढे बाळाजी बळवंतांकडेच आला आणि त्यांनी धुळ्यालाच ठाणे केले. हे सांगायचे कारण असे, की धुळे ब्रिग्जसाहेबाने वसवले हे वाक्य आपल्याकडे सर्रास लिहिले जाते. ब्रिग्जने धुळ्याचा नकाशा बदलला हे खरे, पण ओस गावात पुन्हा चूल पेटवली ती बाळाजी बळवंतांनी.

कॅप्टन जॉन ब्रिग्ज खानदेशचा पहिला पोलिटिकल एजंट. वय तेहतीस, फारसीचा पक्का जाणकार. पुढे फिरिश्त्याचा इतिहास इंग्रजीत आणणारा तो हाच. त्याला जिल्ह्याचे ठाणे कुठे करावे हा प्रश्न होता. धुळे त्याला पसंत पडले, कारण ते जवळजवळ मधोमध होते आणि मुंबई-आग्र्याच्या वाटेवर होते. गाव लहान, बागायतीने वेढलेले, एका अंगाला पांझरा नदी आणि दुसऱ्या अंगाला तिच्यावरच्या बंधाऱ्याचा पाट. खानेसुमारी केली तेव्हा घरे निघाली ४०१ आणि माणसे २५०९. जानेवारी १८१९मध्ये ब्रिग्जने कचेऱ्या बांधायची मंजुरी मिळवली. वसूल आणि न्याय या दोन खात्यांसाठी इमारती, एकूण खर्च २७ हजार रुपये. कारागीर गावात नव्हतेच. ते लांबलांबून आणावे लागले.

या शेवटच्या वाक्यात खानदेशच्या बांधकामाची सगळी अडचण आली. कारागीर का नव्हते? पंधरा-वीस वर्षांच्या पळापळीत गवंडी, सुतार, बेलदार सगळे पांगले होते. आणि जी घरे उभी होती त्यांना पाथरवट किंवा वीटभट्टी लागतच नव्हती. खानदेशी घर म्हणजे धाब्याचे घर. मातीच्या नाहीतर कच्च्या विटांच्या जाड भिंती, वर लाकडी सर, त्यांवर काटक्या-पाला आणि त्यावर वीतभर खारवट पांढऱ्या मातीचा थर. ऊन तापले तरी आत गारवा, रात्री वर अंथरूण टाकून झोपायची सोय, आणि दर पावसाळ्यापूर्वी नवी माती टाकली की काम भागले. मात्र असे घर मुसळधार पावसात आणि पुरात विरघळते. १८७२ साली पांझरेला महापूर आला तेव्हा धुळ्याने हे पुरेपूर पाहिले.

भाजक्या विटांचे काम करायचे तर दुसरे संकट पायाखालीच होते. तापीखोऱ्यातली काळी कसदार जमीन कापसाला सोन्यासारखी आणि गवंड्याला वैरीण. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगून वर येते. तिच्यावर उथळ पाया घालून हलकी भिंत उभी केली की दोन वर्षांत तिरपी तडक पडणारच. पाया खाली मुरूम लागेपर्यंत खणावा लागतो. आणि विटा पाडायलाही ही माती चालत नाही. वाळताना उललेली वीट भट्टीत जाण्याआधीच दोन तुकडे होते. शिवाय त्या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात. वीट भाजताना आतला खडा भाजून त्याची कळी होते, मग ती वीट भिंतीत गेली आणि तिला पाणी लागले की कळी फुगते आणि विटेचे टवके उडतात. गंमत अशी, की हेच खडे वेगळे गोळा करून भाजले, बैलाने फिरणाऱ्या घाणीत वाळूबरोबर मळले, की त्यांचा पाण्यातही घट्ट होणारा उत्तम चुना होतो. विटेचा शत्रू तोच सांध्याचा सोबती. म्हणून चांगली वीट पाडायची तर नदीकाठचा गाळ पाहावा लागे: पांझरेचा, गिरणेचा, तापीचा. आजही या भागातल्या भट्ट्या नदीच्या आसपासच सापडतात.

ब्रिग्जने धुळ्यात लोकांना जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या, पक्की घरे बांधायला तगाई दिली, बाहेरून आलेल्यांनाही आणि जुन्या रहिवाशांनाही. नव्या पेठेच्या गल्ल्या सरळ आखल्या. धुळ्यात आजही पत्ता सांगताना माणूस गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच असा सांगतो. आळीला देवाचे किंवा जातीचे नाव नसून नुसता आकडा असणे महाराष्ट्रातल्या जुन्या गावांत दुर्मीळच. गंमत म्हणजे सरळ रेषेतल्या रस्त्यांची ही हौस ब्रिग्जच्या स्वतःच्या देशातल्या खेड्यात कुठेच नव्हती. तिथे वाटा चर्चच्या आवाराला वळसा घालून जातात. पण इथे वळसा घालायला चर्चच नव्हते. कचेरी, तुरुंग, खजिना या तिघांच्या भोवती इंग्रजी धुळे वाढले.

ब्रिग्ज १८२३ साली गेला. त्यानंतर दोनच वर्षांत मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने भिल्लांचा प्रश्न नव्या रीतीने हाताळायचे ठरवले आणि जेम्स आउट्रम नावाचा बावीस वर्षांचा लेफ्टनंट धरणगावी आला. वखार जळाल्याला तोवर एकशेचाळीस वर्षे झाली होती. आउट्रमने इथे भिल्ल पलटण उभी केली. तिच्यासाठी गावाजवळ ओळीने घरे बांधली गेली आणि आउट्रमसाठी बंगला. सुमारे दहा वर्षे तो या मुलखात होता. वाघांच्या शिकारी, भिल्लांच्या मेजवान्या आणि मध्येच एखाद्या पालावर छापा, असा त्याचा दिनक्रम. भिल्लांचे पुनर्वसन म्हणून इंग्रजांनी हे काम खूप मिरवले. ज्या भिल्लांनी पलटणीत यायला नकार दिला त्यांचे काय झाले, हे त्या गौरवगाथांत एखाद्या ओळीत उरकलेले असते.

बंगला ही वस्तू जरा निरखून पाहावी. जमिनीपासून तीन-चार फूट उंच जोते. साप, विंचू आणि पावसाचे पाणी यांच्यासाठी. जोत्यावर मधोमध एक मोठी खोली, तिच्या दोन्ही बाजूंना निजायच्या खोल्या, प्रत्येकीला मागे न्हाणीघर आणि न्हाणीघराला बाहेरून दार, भंगी आणि भिस्ती यांनी साहेबाला न दिसता ये-जा करावी म्हणून. चारी बाजूंनी रुंद व्हरांडा. छत म्हणजे ताणून बसवलेले चुना मारलेले कापड, आणि त्या कापडावरून रात्री उंदीर आणि उंदरांमागून साप धावत, त्यांच्या पावलांचे, सरपटण्याचे ठसे खालून दिसत. वर सातपुड्यातले सागवान आणि त्यावर गवताचे शाकारलेले छप्पर. स्वयंपाकघर शंभर पावले लांब, कारण आग. इंग्लंडातल्या विटांच्या घरात मध्यभागी चूल आणि धुराडे असते, सगळे घर त्या उबेभोवती गोळा झालेले. इथल्या घराने अग्नीलाच घराबाहेर काढले आणि सगळा जीव व्हरांड्यात आणून ठेवला. फिर्यादी तिथे, सावकार तिथे, शिरस्तेदार दप्तर घेऊन तिथेच. राहायचे घर आणि कचेरी यांच्यातली सीमा एका चिकाच्या पडद्याची.

अशा घराला विटेचा मान नव्हता. भिंती कच्च्या विटांच्या, वरून चुन्याचा हात. दोन पावसाळे कोणी राहिले नाही तर बंगला बसलाच.

आणि चर्च? पुण्याला मोठी छावणी होती, म्हणून तिथे सेंट मेरीज चर्च झाले आणि कलकत्त्याच्या बिशप हेबरने १८२५ साली येऊन त्याचे पवित्रीकरण केले. आउट्रम धरणगावी आला तेच हे साल. खानदेशात मात्र एका वेळी डझन-दोन डझन गोरी माणसे, तीही तापीच्या दोन्ही काठांना विखुरलेली. त्यांच्यासाठी कंपनी पाद्री ठेवणार नव्हती. मुंबईला स्वतंत्र बिशपच १८३७ साली मिळाला. तोवर रविवारची प्रार्थना कलेक्टरच्या मोठ्या खोलीत, लग्न लावायचे तर मुंबई-पुण्याची वाट धरायची, आणि मरण आले तर गावाबाहेर चार भिंतींची जागा. पावसाळ्यानंतरचा हिवताप तरण्याताठ्या माणसाला आठ दिवसांत उचलत असे. ब्रिग्ज म्हातारा होऊन १८७५ साली इंग्लंडात वारला. आउट्रम सर झाला, लखनौ गाजवून आला, १८६३ साली फ्रान्समध्ये वारला आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याला जागा मिळाली. ज्यांना बंगले मिळाले ते परत गेले. खानदेशच्या मातीत राहिले ते बिनबढतीचे लेफ्टनंट, बाळंतपणात गेलेल्या बायका आणि नाव ठेवायच्या आत गेलेली मुले.

आउट्रमच्या वडिलांचा इथे उल्लेख करायला हवा. बेंजामिन आउट्रम हा डर्बीशायरमधला इंजिनिअर, कोळसा वाहून नेणाऱ्या घोडागाड्यांसाठी लोखंडी रूळ टाकणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी एक. मुलगा दोन वर्षांचा असतानाच तो वारला. मुलाने धरणगाव सोडल्यावर तीस वर्षांच्या आत रुळांनी खानदेश चिरला, आणि खानदेशात खरी विलायती वीट आली ती तेव्हा.

जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने १८६०च्या दशकात भुसावळ गाठले. तिथून एक फाटा वऱ्हाडातून नागपूरला, १८६७ साली पोचला; दुसरा खांडव्यावरून जबलपूरला, तो १८७० साली उघडला आणि मुंबई-कलकत्ता एका रुळावर आले. भुसावळ तोवर अगदी किरकोळ खेडे. १९०१ साली त्याची वस्ती सोळा हजारांवर गेली होती, आणि ती सगळी इंजिनाच्या धुरावर पोसलेली. जुने गाव एका अंगाला, रेल्वेवस्ती दुसऱ्या अंगाला. इंजिनचालक, गार्ड, फिटर, फोरमन. त्यांत गोरे, अँग्लो-इंडियन, काही गोवेकर. हे लोक जिल्हाधिकाऱ्यासारखे तीन वर्षांसाठी आलेले नव्हते. त्यांची हयात इथे जायची होती, पोरे इथे शिकायची होती, आणि त्यांना राहायला कंपनीने ठरावीक नकाशाची पक्की घरे दिली.

या बांधकामाची भिंत ओळखायला सोपी. गिलावा पडलेला असेल तिथे पाहावे. एका थरात सगळ्या विटांच्या लांब बाजू बाहेर, वरच्या थरात नुसती तोंडे, पुन्हा लांब बाजू, पुन्हा तोंडे. कोपऱ्यापासून पहिल्या विटेनंतर एक उभी चिरलेली अर्धी वीट बसवलेली. तिच्यामुळे वरखालचे सांधे एका रेषेत येत नाहीत आणि भिंत उभी फाटत नाही. ही इंग्लिश बाँडची बांधणी. नऊ इंच लांब, साडेचार रुंद, तीन उंच अशी वीट असली की दोन विटांची भिंत बरोबर अठरा इंचांची होते, कागदावर आधीच मोजून ठेवता येते. पेशवाईतल्या वाड्यांच्या विटा पातळ आणि चपट्या असत, चुन्याचे सांधे जाड. तिथे मोजमाप गवंड्याच्या डोळ्यात होते. आता ते नकाशात गेले. इंग्लंडातल्या पाद्रीसाहेबाच्या घराची वीट स्थानिक मातीच्या रंगाची, हाताने पाडलेली, थोडी वाकडी असे. भुसावळची वीट खात्याच्या मापाची. आणि वर मंगळुरी कौल. बासेल मिशनच्या जर्मन मिशनऱ्यांनी १८६५ साली मंगळूरला कारखाना काढला आणि पुढच्या काही दशकांत हे चपटे लाल कौल रेल्वेने देशभर नेले. विलायती साहेबाच्या विलायती वाटणाऱ्या घरावरचे छप्पर असे कर्नाटकातल्या मातीचे आणि जर्मन साच्याचे.

या वस्तीला मग चर्च मिळाले, शाळा मिळाली, नाचगाण्याला इन्स्टिट्यूट मिळाली, आणि कबरस्तानही. चर्च, घर आणि थडगे ही तिन्ही एका वस्तीत येण्याचा खानदेशातला योग हाच. तोही चर्चच्या आवारात कबरी असा नव्हेच, तर कबरस्तान वेगळे, भिंत घालून बाजूला ठेवलेले. पंचेचाळीस अंशांच्या भुसावळी उन्हात गवताळ आवाराची कल्पना कोणी केलीही नसेल.

याच कबरस्तानात खानदेशातला सर्वांत परिचित इंग्रज आहे, आणि तो रेल्वेचा माणूस नव्हता. मेजर रॉबर्ट गिल. ब्रिग्ज धुळ्यात कचेऱ्यांची मापे काढत होता त्याच १८१९ साली, २८ एप्रिलला, जॉन स्मिथ नावाचा घोडदळातला अधिकारी शिकारीच्या नादात वाघूर नदीच्या वळणावर आला आणि अजिंठ्याची लेणी इंग्रजांना दिसली. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने आपले नाव कोरून ठेवले, चित्रावर. पुढे वास्तुकलेचा अभ्यासक जेम्स फर्ग्युसन याने १८४३ साली लंडनमध्ये निबंध वाचून या चित्रांच्या नकला करून घ्या असा धोशा लावला आणि १८४४ साली मद्रास फौजेतल्या कॅप्टन गिलची नेमणूक झाली. गिल अजिंठा गावातल्या बारादरीत राहिला. म्हणजे या माणसाने बंगलाही बांधला नाही. निजामाच्या मुलखातल्या, बारा दारांच्या, हवेला मोकळ्या अशा जुन्या इमारतीत त्याने आयुष्याचा मोठा भाग काढला. तिथून घाट उतरून लेण्यांत जायचे, अंधारात दिवट्या लावून भिंतीवरची चित्रे मापून कॅनव्हासवर उतरवायची. वर्षानुवर्षे.

पारू नावाच्या स्थानिक बाईशी त्याचा संसार झाला तो याच काळात. ती २३ मे १८५६ रोजी वारली. गिलने तिची कबर अजिंठा गावात बांधली आणि तिच्यावर इंग्रजीत लेख कोरवला. त्यात ती आपली प्रिया असल्याचे सरळ लिहिले. त्या काळच्या साहेबांच्या घरात अशा बायका पुष्कळ होत्या. दगडावर त्यांचे नाव घालणारे साहेब थोडे.

गिलची चित्रे लंडनला गेली, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगली गेली, आणि डिसेंबर १८६६च्या आगीत जळाली. मोजकीच वाचली. तोवर त्याने कॅमेरा हातात घेतला होता. १८६४ साली फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याची लेण्यांच्या छायाचित्रांची पुस्तके निघाली. आगीनंतर हा साठी उलटलेला माणूस पुन्हा पहिल्यापासून नकला करायला बसला. परत जायचे त्याने मनावर घेतले नाही. १० एप्रिल १८७९ रोजी तो वारला आणि भुसावळच्या युरोपीय कबरस्तानात पुरला गेला, कारण पाद्री आणि पवित्र केलेली जमीन आता भुसावळला होती. पारू घाटाच्या वर निजामाच्या हद्दीत, गिल साठेक किलोमीटरवर कंपनीच्या रुळांशेजारी. चर्च उशिरा आले नसते तर कदाचित हे अंतर पडले नसते, किंवा चर्च आलेच नसते तरीही.

पुढचे थोडक्यात. १८८४ साली सार्वजनिक बांधकाम खात्यात नव्याने लागलेला एक तरुण धुळ्याला आला आणि पांझरेच्या पाण्यासाठी नळाचा सायफन बांधण्याचे पहिलेच अवघड काम त्याने पावसाळ्यात पुराशी झुंजत पुरे केले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. खात्याचे नकाशे, मापे आणि नऊ इंची वीट आता देशी इंजिनिअरांच्या हातात आली होती. १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, जळगावला वेगळा कलेक्टर आला आणि त्याच्यासाठी वेगळा बंगला लागला. बंगला हा प्रकार मग कोणी मोडला नाही. १९४७नंतर राहणारे बदलले, व्हरांड्यातली बाके तशीच राहिली, फिर्यादीही.

चर्चची व्यवस्था लागली. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, अँग्लिकन चर्चे तिच्याकडे गेली, आणि प्रार्थना मराठीत होऊ लागल्या त्याला तर त्याहून जुना इतिहास आहे. वारस उरला नाही तो कबरींना. मेलेल्यांचे नातेवाईक विलायतेत, त्यांचेही नातवंडांपलीकडे लक्ष नाही. देशभरच्या गोऱ्या कबरस्तानांत संगमरवरी पाट्या निघून गेल्या, काही धुण्याचा दगड झाल्या, आणि मागे राहिले ते भाजक्या विटांचे चौथरे. नाव गेले, इंग्लिश बाँड राहिली. १९७६ साली लंडनमध्ये अशा कबरस्तानांची काळजी वाहणारी एक संस्था निघाली, ती नोंदी करते, जमेल तिथे डागडुजीला मदत करते. गिलच्या कबरीला मात्र लंडनहून फारसे काही लागले नाही. ना. धों. महानोरांनी 'अजिंठा' ही दीर्घ कविता लिहिली, तिच्यावर २०१२ साली नितीन चंद्रकांत देसाईंचा चित्रपट आला, आणि पारूची कबर पाहायला अजिंठ्याला गेलेले लोक गिल कुठे आहे असे विचारत भुसावळची गाडी धरू लागले.